सवय कोठे संपते, व्यसन कोठे सुरू होते

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मानसोपचारशास्त्रात व्यसनाचा विचार मुख्यतः पदार्थांच्या अंगाने होत असे. दारू, अफू किंवा तंबाखू शरीरात जाते, मेंदूतील रासायनिक व्यवहारात ढवळाढवळ करते आणि ती बंद झाली की शरीर कुरकुरू लागते, असा तो तुलनेने सरळ हिशेब होता. ज्या वर्तनात बाहेरून शरीरात काहीच जात नाही त्याला व्यसन म्हणावे की नुसती अनावर ओढ, याबद्दल मात्र तज्ज्ञांचे एकमत नव्हते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली आणि पदार्थाविनाही व्यसन जडू शकते हे तत्त्वतः मान्य झाले. त्याच आवृत्तीत इंटरनेटवरील खेळांच्या विकाराची नोंद ‘अधिक अभ्यास हवा’ अशा शेऱ्यासह वेगळ्या विभागात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तेवढीही वाट पाहिली नाही. तिच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तीत ‘गेमिंग विकार’ हे स्वतंत्र निदान आले. स्मार्टफोनचे व्यसन, समाजमाध्यमांचे व्यसन किंवा सरसकट इंटरनेटचे व्यसन ही नावे मात्र या दोन्ही ग्रंथांत अधिकृत निदान म्हणून आलेली नाहीत. वर्तमानपत्रांत सर्रास वापरला जाणारा शब्द आणि डॉक्टरांना केसपेपरवर लिहिता येणारा शब्द यांत हे अंतर आहे, आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांबद्दलची बहुतेक चर्चा या अंतराकडे काणाडोळा करूनच सुरू होते.

या शब्दाचा जन्मही गमतीदार आहे. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘इंटरनेट व्यसन विकार’ असे नाव देऊन त्याची लक्षणे लिहून काढली ती निदान-पुस्तिकेच्या कोरड्या भाषेची टर उडवण्यासाठी. जाणूनबुजून किंवा नकळत बोटांनी टंकन केल्यासारख्या हालचाली होणे हे त्यांतले एक लक्षण होते. परंतु पुष्कळांना त्या यादीत स्वतःचे चित्र दिसले आणि थट्टेचे गांभीर्य व्हायला फार काळ लागला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातील किम्बर्ली यंग यांनी १९९६ मध्ये जुगाराच्या निकषांवर बेतलेले आठ प्रश्न तयार केले आणि पुढे वीस प्रश्नांची चाचणी रचली, जी आजही भारतातील महाविद्यालयांमध्ये थोड्याफार फेरफारासह वाटली जाते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये खास स्मार्टफोनसाठी ३३ विधानांची श्रेणी तयार केली आणि मग तिची दहा विधानांची छोटी आवृत्ती काढली, जी वर्गातल्या वर्गात पाच मिनिटांत भरून घेता येते. सर्वेक्षणांचे अमाप पीक येण्यामागे ही सोय हेही एक कारण आहे.

व्यसन ओळखण्याची अधिक विचारपूर्वक चौकट ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाचे मार्क ग्रिफिथ्स यांनी मांडली. त्यांच्या मते कोणत्याही व्यसनात सहा घटक दिसावे लागतात. पहिला घटक म्हणजे त्या गोष्टीने मनाचा कब्जा घेणे, म्हणजे फोन हातात नसतानाही विचार त्याच्याचभोवती फिरत राहणे. दुसरा म्हणजे मनःस्थिती बदलण्यासाठी तिचा वापर, मग ते उत्तेजना मिळवण्यासाठी असो वा सुन्न होण्यासाठी. तिसऱ्या घटकाला वैद्यकात सहनशक्ती वाढणे म्हणतात, म्हणजे पूर्वी अर्ध्या तासात मिळणारे समाधान मिळायला आता दोन तास लागणे. बंद केल्यावर होणारी चिडचिड व बेचैनी हा चौथा. घरच्यांशी, अभ्यासाशी किंवा स्वतःशीच झगडा उभा राहणे हा पाचवा. आणि काही दिवस संयम पाळून पुन्हा पहिल्या पायरीवर घसरणे हा सहावा. सहाही घटक एकत्र असावेत असा ग्रिफिथ्स यांचा आग्रह आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण पहिले दोन घटक प्रेमात पडलेल्या किंवा क्रिकेटच्या विश्वचषकात बुडालेल्या कोणत्याही विशीतल्या तरुणात सापडतील. जागतिक आरोग्य संघटनेचे गेमिंग विकाराचे निकष याहून आटोपशीर पण कडक आहेत: नियंत्रण सुटणे, इतर आवडीनिवडी व दैनंदिन कामे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, आणि हे सारे साधारणतः बारा महिने टिकून त्यामुळे शिक्षण, काम वा कुटुंब यांना मोठी झळ पोहोचणे.

या निकषांत तासांचा आकडा कोठेही नाही. तरीही पालक, प्राध्यापक आणि खुद्द विद्यार्थी बोलतात ते तासांबद्दलच, ‘रोज सात तास मोबाइल’ या भाषेत. त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे माणसाला स्वतःचे तास सांगता येत नाहीत. लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणाने नोंदवलेला वापर यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दोहोंचा मेळ जेमतेम मध्यम असल्याचे दिसले. दुसरी अडचण अशी की सात तासांत काय होते हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट-बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचे यूट्यूबवरील वर्ग, टेलिग्रामवर येणाऱ्या नोट्स आणि सराव चाचण्या मिळूनच पाच तास होतात, आणि तेच पाच तास गावाकडे नुसते ‘पोरगं मोबाइलमध्ये असतं’ म्हणून मोजले जातात. मापनश्रेणींबद्दलची शंका तर ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने मिश्कीलपणे दाखवून दिली. समाजमाध्यमांच्या व्यसनाच्या प्रश्नावलीत फेरफार करून त्यांनी ‘प्रत्यक्ष मित्रांचे व्यसन’ मोजले, तेव्हा उत्तरे देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक मित्रांचे व्यसनी ठरले. म्हणून ‘अमुक टक्के विद्यार्थी मोबाइलच्या आहारी’ असे मथळे वाचताना कोणती श्रेणी वापरली, तिची सीमारेषा कोणी व कशाच्या आधारे आखली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. या सर्वेक्षणांतील टक्केवारी एका अभ्यासातून दुसऱ्यात इतकी बदलते की त्यावरून विद्यार्थ्यांपेक्षा प्रश्नावलीबद्दलच अधिक कळते.

मापन सदोष आहे म्हणून दुखणेच नाही, असे मात्र होत नाही. ओढ कशी निर्माण होते याचा उलगडा प्रयोगशाळांनी बराच आधी करून ठेवला होता. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रदीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष आहेत: दर ठराविक टोचींनंतर दाणा मिळाला तर पक्षी दाणा खाऊन थोडा थांबतो, पण कधी तिसऱ्या, कधी चाळीसाव्या टोचीला दाणा मिळू लागला तर तो जवळपास न थांबता टोचत राहतो, आणि दाणा कायमचा बंद केल्यावरही बराच वेळ टोचतो. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेतली तेव्हा आणखी एक बाब पुढे आली. डोपामिन हे पेशींमधील निरोप्याचे काम करणारे रसायन. फळांचा रस मिळाल्यावर त्या पेशी सुरुवातीला उत्तेजित होत, परंतु रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकले की उत्तेजना दिव्याकडे सरकली, अपेक्षित रस आला तर पेशी शांतच राहिल्या आणि तो आला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. अर्थात मेंदूचा हा भाग सुखापेक्षा अपेक्षेचा आणि अपेक्षाभंगाचा हिशेब ठेवतो. फोनच्या कोपऱ्यात उमटणारा तांबडा ठिपका हा त्या दिव्याच्या जागी आहे.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९० च्या दशकात या विचाराला जी जोड दिली, ती विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी ठरते. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती प्रत्यक्ष आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, व्यसनात पहिली तीव्र होत जाते आणि दुसरी तिच्यासोबत वाढतेच असे नाही, असे त्यांनी दाखवले. वसतिगृहात रात्री दीड वाजता कुशीवर वळून, पडद्याचा उजेड कमीत कमी करून, रूममेट जागा होऊ नये म्हणून इअरफोन घालून जो विद्यार्थी एकामागून एक रील सरकवतो, त्याला विचारले तर आधीच्या पाच रील त्याला आठवत नाहीत आणि त्यांतली एकही फारशी आवडली नाही असेच तो सांगतो. तरीही अंगठा थांबत नाही. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलची जाणीव त्याला पूर्ण असते. याला आळस किंवा चैन म्हणणे म्हणजे निदान चुकवणे होय, कारण चैनीत निदान मजा तरी असते.

अंगठा का थांबत नाही याचे दुसरे उत्तर पडद्याच्या रचनेत आहे. अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने २००६ मध्ये पानाचा शेवटच काढून टाकणारी युक्ती शोधली, जिच्यामुळे खाली सरकवत गेले की मजकूर आपोआप येतच राहतो. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे पान उलटावे लागते, आणि त्या क्षणी माणूस क्षणभर भानावर येऊन घड्याळाकडे पाहतो. तो क्षणच या युक्तीने नाहीसा केला. फेसबुकचे ‘लाइक’ बटण २००९ मध्ये आले, व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या आणि निरोप वाचूनही उत्तर न देणे हा उघड अपमान होऊन बसला. जून २०२० च्या अखेरीस भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातल्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या, त्यामुळे बंदीने एका कंपनीचे दुकान बंद झाले तरी छोट्या चित्रफितींच्या अखंड प्रवाहाची सवय मोडली नाही. लास व्हेगासमधील जुगार-यंत्रांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी आपल्या २०१२ च्या ग्रंथात असे नोंदवले की अट्टल खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नाहीत, वेळ, पैसा आणि स्वतःचे भान हरपणाऱ्या एका तंद्रीत राहण्यासाठी खेळतात. विद्यार्थी ‘टाइमपास’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हीच तंद्री अभिप्रेत असते.

हे सारे सर्व वयांना लागू असताना विद्यापीठातच त्याची झळ अधिक का बसते? अठरा ते बावीस या वयात मोह आवरणारा, पुढचे पाहणारा कपाळामागचा मेंदू अजून पक्का होत असतो हे एक कारण नेहमी दिले जाते आणि ते खरे आहे; परंतु परिस्थितीचा वाटा त्याहून मोठा असावा. बारावीपर्यंत शाळा, शिकवणी आणि घर यांनी दिवसाचा तास न् तास बांधलेला असतो. महाविद्यालयात, विशेषतः वसतिगृहात, तो बांध एकाएकी सुटतो आणि दोन तासिकांमधला रिकामा वेळ, मेसनंतरची रात्र, परीक्षेआधीची सुट्टी हे सगळे स्वतः भरण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर पडते. त्यातच ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, काही महिने डेटा फुकट मिळाला आणि नंतरच्या स्पर्धेत त्याचे दर असे कोसळले की पूर्वी जपून वापरलेला एक जीबी आता सकाळच्या चहापर्यंत संपतो. टाळेबंदीत तर वर्ग, स्वाध्याय, तोंडी परीक्षा आणि अंतिम वर्षाची परीक्षासुद्धा त्याच पडद्यावर आली. आज वेळापत्रकातला बदल वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कळतो, परीक्षेचा अर्ज आणि निकाल संकेतस्थळावर असतो, मेसचे पैसे यूपीआयने जातात. दारू सोडणाऱ्याला गुत्त्याची वाट टाळता येते. विद्यार्थ्याला मात्र गुत्त्यातच बसून अभ्यास करायचा असतो.

फोनमुळे मन खचते की खचलेले मन फोनकडे वळते, या जुन्या वादात विद्यापीठांतूनच एक भक्कम पुरावा मिळाला. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झाले आणि पुढची दोन-अडीच वर्षे ते अमेरिकेतील एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने खुले होत गेले. त्या काळात तेथील विद्यार्थ्यांच्या आरोग्याची मोठी सर्वेक्षणे नियमित होत होतीच. लुका ब्राघिएरी, रोए लेव्ही आणि अलेक्सी मकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींची माहिती जुळवून, फेसबुक पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या महाविद्यालयांची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. फेसबुक पोहोचल्यावर नैराश्याची लक्षणे वाढली होती आणि मानसिक त्रासामुळे अभ्यासावर परिणाम झाल्याचे सांगणारे विद्यार्थीही वाढले होते. इतरांशी होणारी प्रतिकूल तुलना हे त्यामागचे मुख्य कारण असावे असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा खिशात स्मार्टफोन नव्हता, रील नव्हत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण केले, तेव्हा त्यांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. सरासरी माणसाबद्दलचे हे निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. पण सरासरीत किरकोळ दिसणारी गोष्ट थोड्या जणांच्या बाबतीत उद्ध्वस्त करणारी असू शकते, आणि व्यसनाचा प्रश्न मुळात त्या थोड्यांचा आहे. एकाग्रता, झोप आणि फोन यांच्या संबंधाबद्दलही असेच सावध राहावे लागते. निळ्या प्रकाशाने झोप उडते हे सर्वतोमुखी झाले आहे, परंतु विद्यार्थ्यांच्या झोपेचा मोठा घास प्रकाशापेक्षा उशिरापर्यंत जागणेच घेते. फोन थरथरला असा भास होणे तर इतके सामान्य आहे की अमेरिकेतील इंडियाना राज्यातील पदवीच्या विद्यार्थ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात सुमारे ८९ टक्क्यांनी तो अनुभव सांगितला. त्याला आजार समजण्याची गरज नाही.

हे थोडे विद्यार्थी कोण असतात याचा विचार करताना संशोधक डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांचा २०१४ मधील सिद्धान्त मार्गदर्शक ठरतो. त्यांनी अतिवापराकडे भरपाई म्हणून पाहिले: प्रत्यक्ष जीवनात जे मिळत नाही किंवा जे सोसवत नाही, त्याची उणीव माणूस पडद्यावर भरून काढतो. धाराशिव किंवा गडचिरोली जिल्ह्यातून मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आलेल्या, इंग्रजीतील व्याख्यान अर्धेच कळणाऱ्या आणि वर्गात प्रश्न विचारायला बिचकणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या खेळातील वरची पातळी ही दिवसभरातली एकमेव जमलेली गोष्ट वाटू शकते. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात, घरी सांगायची हिंमत होत नाही, आईचा फोन घ्यायचे टाळले जाते आणि फोनमधला वेळ आणखी वाढतो. नैराश्य, सामाजिक भीती, लक्ष न टिकण्याचा विकार यांपैकी काही ना काही अशा वेळी बहुधा खाली दबलेले असते, म्हणून केवळ फोन काढून घेतल्याने दुखणे नाहीसे न होता उघडे पडते. पैसे लावून खेळायच्या खेळांत याला कर्जाची भर पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आणली ती याच पार्श्वभूमीवर.

संस्थांची पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा बटण बंद करण्याची असते. पवईच्या आयआयटीने २००७ मध्ये वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरानंतर बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता, कारण सकाळच्या तासांना हजेरी घटली होती आणि विद्यार्थी एकमेकांत मिसळेनासे झाले होते. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतःचा डेटा पॅक आल्यावर अशा निर्णयाला अर्थ उरला नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली: संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांत टीव्ही व मोबाइल बंद राहतो. हा उपक्रम मुख्यतः शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी आहे आणि तो टिकण्याचे कारण भोंगा नसून मोठी माणसेही त्या वेळात मोबाइल खाली ठेवतात हे आहे. वसतिगृहात असे मोठे माणूस कोणी नसते. अभ्यासिकांमध्ये मात्र चार-पाच मित्रांनी आपले फोन एका बॅगेत टाकून दोन तासांनी उघडण्याची रीत दिसते आणि ती याच जातीची आहे.

ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ चालते आणि दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ पासून वर्तनव्यसनांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे; ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेवरून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उपचारांत औषधांपेक्षा विचार-वर्तन उपचारपद्धतीचा, म्हणजे कोणत्या प्रसंगी, कोणत्या विचारानंतर हात फोनकडे जातो हे नोंदवून ती साखळी एकेका कडीने सोडवण्याच्या पद्धतीचा, आधार घेतला जातो. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १४३ पुरुषांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत मिळालेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के लक्षणमुक्त झाले, तर प्रतीक्षेत ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के. पूर्ण त्याग हे उद्दिष्ट येथे ठेवता येत नाही, म्हणून समुपदेशक आधी फोनमधील सर्व वापर तीन भागांत वाटून घेतात: अभ्यास व व्यवहारासाठी लागणारा, माणसांशी बोलण्याचा, आणि एकदा सुरू केला की थांबवता न येणारा. तिसऱ्या भागातील एक-दोन ॲप काही काळ पूर्ण बंद केली जातात, उरलेल्यांची सूचनाघंटी मिटवली जाते, झोपताना फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावला जातो आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणले जाते. मोकळ्या झालेल्या वेळात काय करायचे हे त्याच बैठकीत ठरवावे लागते, आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण कबड्डी, पेटीवादन किंवा ग्रंथालयातून आणलेल्या कादंबऱ्या दहावीच्या वर्षी ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या असतात आणि त्या पुन्हा हाती घ्यायला त्यांना कोणी सांगितलेले नसते. परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत घसरण व्हायची शक्यता जास्त असल्यामुळे पुढची भेट त्या सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून दिली जाते.